कुलवृत्तांतांतील प्रश्नचिन्हें

ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांत सांगली नगर वाचनालयाचीं पुष्कळ पुस्तकें पाण्यांत गेलीं. कागद अमर नाहीं, हें त्या वेळीं सर्वांनींच पाहिलें. म्हणून अनेक घराणीं आपला कुलवृत्तांत महाजालावर ठेवूं लागलीं आहेत, ही गोष्ट आम्हांस इष्टच वाटते. सांगलीच्या गांवभागांतील काकांनीं जुनीं टिपणें उतरवावीं, साताऱ्याच्या पुतण्यानें तीं संकेतस्थळावर चढवावीं आणि परदेशस्थ नातवंडांनीं तीं वाचावीं, ही सोय छापील ग्रंथास कोठून असणार?

परंतु एखादे दिवशीं पान उघडावें तों पणजोबांच्या नांवाच्या जागीं भलतींच चिन्हें दिसतात. कोणी म्हणतो, सर्व गेलें. कोणी घाईनें सारें पुन्हा टाइप करावयास बसतो. अशा वेळीं दोन निरनिराळ्या दुखण्यांतील भेद ओळखणें अवश्य आहे.

यंत्रास अक्षर कळत नाहीं, आंकडा कळतो. १९९१ सालीं युनिकोड या जागतिक व्यवस्थेच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. पुढें १९९२ मध्यें केन टॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं ते आंकडे सांठविण्याची यूटीएफ-८ ही रीत बसविली. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. काना, अनुस्वार हींहि स्वतंत्र चिन्हेंच. म्हणून ‘सातारा’ व ‘सांगली’ या दोन्ही नांवांचीं सहा-सहा चिन्हें व अठरा-अठरा बाइट होतात.

पान पाठविणारा सर्व्हर त्यासोबत जणूं एक चिठ्ठी धाडतो : ‘मजकूर अमुक रीतीनें वाचावा.’ त्या चिठ्ठींत यूटीएफ-८ ऐवजीं पश्चिम युरोपच्या जुन्या लिपिसंचाचें नांव पडलें, कीं तीन बाइटांचें एक अक्षर तीन सुटीं चिन्हें होऊन उमटतें. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याशेजारीं नाण्यांचीं चिन्हें यांची रांग दिसली, तर दुखणें हें समजावें. येथें कांहींहि हरवलेलें नसतें. पानांतील सूचनेपेक्षां सर्व्हरची चिठ्ठी वरचढ ठरत असल्यानें ती सूचना सुधारून मात्र भागत नाहीं.

अपाचे सर्व्हरवर ही चिठ्ठी मुख्य व्यवस्थेच्या फाइलींतून ठरते. भाड्याच्या जागेंत तिला हात लावतां येत नाहीं; तेव्हां आपल्या फोल्डरांत ‘एचटीअ‍ॅक्सेस’ ही छोटी फाइल ठेवून तींत यूटीएफ-८ ची आज्ञा द्यावी. तिचीहि मुभा नसेल, तर आडवाट अशी कीं प्रत्येक अक्षर त्याच्या क्रमांकानें लिहावें. ‘स’ चा क्रमांक २३६० आहे. या मजकुरास अशी चुकीची चिठ्ठी बाधत नाहीं. मात्र तीन बाइटांच्या जागीं सात लागतात, आणि डोळ्यांनीं वाचून दुरुस्ती करणें फार जिकिरीचें होतें. म्हणून हा उपाय तात्पुरताच समजावा.

दुसरें दुखणें दिसावयास साधें, पण घातक. ‘सातारा’ च्या जागीं सहा प्रश्नचिन्हें दिसतात. मायएसक्यूएल या माहितीकोठाराचा मूळ लिपिसंच २०१८ च्या आठव्या आवृत्तीपूर्वीं ‘लॅटिन-१’ असे. कडक तपासणी बंद असतां त्या संचांत नसलेल्या अक्षराच्या जागीं कोठार प्रश्नचिन्ह ठेवी. मग मूळ बाइटच उरत नाहींत, आणि कोणतीहि आज्ञा तीं अक्षरें परत आणूं शकत नाहीं. कधीं कधीं मजकूर शाबूत असून केवळ कोठारांतून आणतांना प्रश्नचिन्हें पडतात. म्हणून निराश होण्यापूर्वीं कोठारांतील बाइट प्रत्यक्ष तपासून घ्यावेत.

तेव्हां नियम थोडेच आहेत. हात लावण्यापूर्वीं संपूर्ण नक्कल काढावी. बिघडलेला मजकूर तसाच पुन्हा सांठवूं नये. त्यानें एका चुकीवर दुसरी चढते. एका वेळीं एकच बदल करावा व तो तारखेसह लिहून ठेवावा. आणि मूळ वही? तिची एक प्रत सांगलीस असली, तर दुसरी साताऱ्यास असावी. प्रश्नचिन्हाखालीं दडलेलें पणजीचें माहेरचें नांव सांगणारें तिच्याशिवाय दुसरें कोणी घरांत उरलेलें नसतें.