डिझेलचे अंतरंग, लेखांक ६ : पिस्टनची जबानी

गेल्या लेखांकात आपण टर्बोचार्जरपाशी थांबलो होतो. आज हेड उतरवायचे आहे. मात्र हेड उतरविण्याची घाई ही मिस्त्रीच्या धंद्यातील सर्वांत महाग घाई होय, कारण पंचनामा होण्यापूर्वीच घटनास्थळ झाडून काढावे तसा प्रकार तीत घडतो, आणि जो पुरावा एकदा फडक्याने पुसला गेला तो मागाहून कितीही तहकीकात केली तरी हाती लागत नाही.

उदाहरणादाखल अमेरिकेतील डॉज रॅम या पिकअप ट्रकमध्ये २००३ ते २००७ या काळात बसविले जात असलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे इंजिन घेऊ. कमिन्स हे नाव पुणेकरांना १९६२ सालापासून, किर्लोस्करांच्या भागीदारीमुळे, घरचे आहे. शिवाय याच घराण्यातील ५.९ लिटरचे इंजिन टाटांच्या मालट्रकांतूनही, पुष्कळ कमी अश्वशक्तीवर, निमूटपणे ओझी वाहत आले आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, १०२ मिलिमीटरचा व्यास, १२० मिलिमीटरचा स्ट्रोक, वेगळे लायनर नाहीत आणि इंधन कॉमन रेलमधून सुमारे १६०० बार दाबाने येणारे, अशी त्याची घडण. शेवटच्या वर्षांत कारखान्याने या इंजिनास ३२५ अश्वशक्ती नेमून दिली होती. तेवढ्यावर ज्यांचे समाधान होत नाही असे हौशी मालक इंजिनाच्या संगणकातील फाइल बदलतात, मोठ्या छिद्रांची नोझले व मोठा टर्बो बसवितात, आणि पाचशेचा पल्ला सहज ओलांडतात. यात काही पाप आहे असे मी मानत नाही. फक्त खर्चाच्या रकान्याकडे पाहण्याची सवय हौशी माणसास सहसा नसते.

आता फिर्याद अशी समजा : मागे जड ट्रेलर लावून घाट चढत असता गाडीचा जोर एकाएकी गेला, मागून पांढरा धूर लोटला आणि इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले. ‘एकाएकी’ हा शब्द मालकाच्या प्रत्येक कैफियतीत असतो आणि तो क्वचितच खरा असतो. सकाळच्या वेळी धूर किती दिवस येत होता, ऑइलची पातळी वाढलेली दिसली होती काय, नवी फाइल केव्हा भरली, हे हळूहळू विचारले म्हणजे ‘एकाएकी’चे तीन आठवडे होतात.

पहिली गोष्ट, ‘ऐकून तर बघू’ म्हणून इंजिन पुन्हा सुरू करू नये. डिपस्टिक काढून ऑइल बोटांवर घ्यावे. ते पातळ होऊन त्याला डिझेलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर टपकत आहे, किंवा इंधन दुसऱ्या एखाद्या वाटेने खाली उतरत आहे. ते दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. मग ऑइल फिल्टर कापावा. त्यातील कागदाची घडी उलगडून उन्हात धरली की करडी चकाकती कणी दिसते. तिच्यावरून लोहचुंबक फिरवावे. जी चिकटते ती पोलादाची, जी चिकटत नाही ती बहुधा पिस्टनच्या ॲल्युमिनियमची. जुन्या पंपांच्या इंजिनावर नळीचा नट सैल करून मेलेला सिलिंडर शोधण्याची जी रीत आपल्याकडच्या प्रत्येक मिस्त्रीस ठाऊक आहे, ती मात्र येथे सर्वथा वर्ज्य समजावी. १६०० बारांची धार कातडी भेदून आत शिरते.

यानंतर सिलिंडरांत एकामागून एक बाहेरून हवा भरावी व ती कोठून निसटते ते कान लावून ऐकावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून फुसफुस आली तर दोष पिस्टनचा किंवा रिंगांचा, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केटचा किंवा तडकलेल्या हेडचा. आपल्या फिर्यादीत एका सिलिंडरची हवा ऑइलच्या तोंडातून आली असे धरू. आता हेड उतरवावयास हरकत नाही.

आणि येथेच बहुतेकांची चूक होते. भोक पडलेला पिस्टन सापडताच गुन्हेगार हाती लागला असे समजून नवा पिस्टन मागविला जातो. वस्तुतः तो पिस्टन मुद्देमाल आहे, आरोपी नव्हे. उरलेले पाच पिस्टन न पुसता त्याच्या शेजारी, क्रमाने, मांडावेत. भोक नोझलच्या एखाद्या धारेच्या नेमके खाली असून इतर पाच निरोगी असतील तर त्या एका इंजेक्टरला पकडावे. बाजूंवर उभे ओरखडे असतील तर भिंतीवरचे ऑइल इंधनाने धुऊन नेले असावे, किंवा पिस्टन तापून भिंतीस घासला असावा. परंतु साही माथ्यांच्या कडा कमीअधिक झिजलेल्या, मेणबत्तीच्या तोंडासारख्या मऊ झालेल्या दिसतील, तर आरोपी संगणकाच्या दप्तरात बसलेला आहे.

हे कसे, याचा हिशेब साधा आहे. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर एका मिलिसेकंदात क्रँक १८ अंश फिरतो. इंजेक्टर दोन मिलिसेकंद उघडा ठेवला तर तेवढ्यात ३६ अंश निघून जातात. अधिक शक्तीसाठी फाइल तयार करणारा ही मुदत लांबवितो, आणि पिस्टन खाली उतरू लागल्यावरही ज्वाला त्याच्या माथ्यावर पडत राहते. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पिस्टनची मिश्रधातू त्याहूनही आधी मऊ पडते; खालून ऑइलचा फवारा मारून आणि प्रत्येक चक्रात थंड हवा देऊन तिला जगवावे लागते. घाटावर पाच मिनिटे पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून धरला की ही उसनवारी संपते. म्हणूनच जाणते चालक टर्बोच्या अलीकडे धुराच्या वाटेवर बसविलेल्या तापमापकाचा काटा सतत सुमारे ६७५ अंशांच्या वर राहू देत नाहीत.

पण त्या काट्यावरही सगळी भिस्त ठेवू नये, असे मी आवर्जून सांगेन. इंधन आधी सोडले की ज्वलन लवकर आटोपते आणि धुराचे तापमान उतरते. मालक खूश होतो. परंतु तीच उष्णता आता पिस्टन वर येत असतानाच दाबाच्या रूपाने हेडवर धडकते, आणि काटा शांत असताना हेडचे बोल्ट ताणले जातात. म्हणजे एकाच फाइलीतील एक आकडा इकडे सरकला तर पिस्टन वितळतो, तिकडे सरकला तर गॅस्केट उडते. दोहोंचाही दाखला नोंदींत सापडतो : संगणकाने मागितलेला रेलचा दाब व प्रत्यक्षातील दाब, इंधनाची मुदत, हवेचा दाब. या नोंदी मागितल्यावर ज्याने फाइल विकली तो जर त्या देण्यास कुरकुर करू लागला, तर त्याही गोष्टीची नोंद करावी.

आपल्या फिर्यादीत साही माथ्यांच्या कडा मऊ निघाल्या. भोक पडलेला पिस्टन केवळ सर्वांत आधी हरला होता; नवा पिस्टन आणि तीच फाइल घालून ही गाडी पुन्हा घाटावर नेली असती तर दुसरा हरला असता.

पुढील लेखांक हेड गॅस्केटविषयी आहे. तोवर ज्यांच्या गाडीचे हेड उतरलेले असेल त्यांनी जुने गॅस्केट भंगारात टाकू नये. न पुसता, वरची बाजू कोणती याची खूण करून, कागदात गुंडाळून ठेवावे.