काचेवरची भुतं

जुन्या फोटोत खुर्चीमागे एखादी धूसर, आरपार दिसणारी बाई उभी असली, की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘हे खरंच असणार. तेव्हा फोटोशॉप कुठं होतं?’’ फोटोशॉप नव्हतं, पण लबाडी होती.

१८६०च्या दशकात अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात विल्यम ममलर नावाचा कारागीर होता. मूळ धंदा दागिन्यांवर नक्षी कोरण्याचा. पुढे तो फोटो काढू लागला आणि त्याच्या फोटोंत गिऱ्हाइकामागे मेलेले नातलग उमटू लागले! फोटोचे दामही तो चढे घेई.

तेव्हा फोटो काचेवर निघत. काचेवर कलोडियन हे चिकट द्रावण पसरायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वापरलेली काच धुऊन पुन्हा घेत. ती नीट धुतली गेली नाही, तर आधीचा चेहरा नव्या फोटोत पुसट डोकवायचा. शिवाय फोटोला काही सेकंद लागत. कुणी मध्येच उठून गेलं, तर तो माणूस अर्धवट उमटे आणि त्याच्यातून मागची भिंत दिसे.

लोकांना ही मध्येच उठून जाण्याची युक्ती ठाऊकच नव्हती, असं समजू नका. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८५६ मध्येच तिची कृती छापली होती, तीही गंमत म्हणून. मग लोक फसले कसे? अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो तरुण मेले होते. मुलगा गमावलेल्या आईला पुसट चेहऱ्यात तोच दिसणार. बॉस्टनमधलं एक ‘भूत’ तर लोकांनी ओळखलं, आणि ती व्यक्ती त्याच शहरात जिवंत होती.

‘ममलर कोर्टात सुटला, म्हणजे भुतं खरी’ हेही चूक. १८६९ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. प्रसिद्ध खेळतमाशेवाला पी. टी. बार्नम त्याच्याविरुद्ध साक्षीला आला. अब्राहम बोगार्डस या छायाचित्रकारानं तर बार्नमच्या मागे चक्क दिवंगत राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचं भूत उमटवून दाखवलं. न्यायाधीशांनाही लबाडीचा संशय होता. पण ममलर ती नेमकी कशी करतो, हे सिद्ध झालं नाही. पुराव्याअभावी तो सुटला.

पुढे त्यानं लिंकन यांच्या पत्नी मेरी यांचा फोटो काढला. मागे लिंकन, हात पत्नीच्या खांद्यांवर. लिंकन यांचे छापील फोटो तेव्हा अमेरिकेत सर्रास मिळत. ममलरला ते शोधायला फार हिंडावं लागलं नसणार.