बोअरची गाडी बांधावर आली की…

वेरूळचे कैलास लेणे ज्या काळ्या पाषाणात छिन्नीने कोरले, त्याच पाषाणात बोअरची गाडी तुमच्या शेतात भोक पाडते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मुरूम संपला की खाली तोच खडक. पैसे फुटावर मोजायचे, तेव्हा यंत्राचे काम आपणच जोखून घ्यावे.

हे यंत्र चालते हवेवर. कॉम्प्रेसरची हवा रॉडमधून तळाच्या हातोड्यात जाते, त्यातला दट्ट्या बिटावर ठोके देतो आणि तीच हवा चुरा वर उडवते. गाडी उभी राहिली की आधी एक रॉड टेपने मोजा. मग शाळेत जाणाऱ्या मुलाला वही देऊन बसवा. प्रत्येक रॉड केव्हा लागला, केव्हा उतरला, ते त्याने लिहावे. रॉडची संख्या हीच खोली. वाद तिथेच मिटतो.

वहीतून आणखीही कळते. मांजऱ्या खडकात रॉड भराभर उतरतो, काळ्या पाषाणात रेंगाळतो. पण चुरा तसाच काळा येत असून वेग एकाएकी मंदावला, तर हवेचा दाब कमी झाला असेल किंवा बिटाची बटने झिजली असतील. कडेची बटने झिजली की भोकही अरुंद होते आणि पुढे मोटार अडकते. म्हणून बिटाची रुंदी काम सुरू होताना मोजा, संपल्यावरही मोजा. साडेसहा इंची ठरले असेल तर साडेसहाच हवे. चालक हसला तर हसू द्या!

आता पाणी. "दोन इंची लागले" म्हणून पेढे वाटण्याआधी थोडे थांबा. काटकोनी खाचेच्या पत्र्यावरून दोन इंच उंचीने वाहणारे पाणी तासाला सुमारे २,८०० लिटर भरते. चार इंच म्हणजे त्याच्या दुप्पट नव्हे, साडेपाच पटीहून अधिक. तेव्हा इंच कशावरचे, ते विचारा. पहिल्या उसळीत खडकाच्या फटींत साठलेलेही येते, म्हणून तासभर हवा चालू ठेवून मगच मोजा. पुढे मोटार बसली की २०० लिटरची टाकी लावा. चार मिनिटांत भरली तर तासाला ३,००० लिटर.

पाणी लागले नाही म्हणून खाली-खाली जाण्याचा मोह होतो. २००९च्या राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरहून, म्हणजे सुमारे २०० फुटांहून अधिक खोल विहिरींवर निर्बंध आहेत. गाडी बोलावण्याआधीच तलाठ्याकडे किंवा भूजल सर्वेक्षण कार्यालयात चौकशी करून ठेवा. मुलाची ती वही मात्र जपा. वैशाखात टाकी पुन्हा लावून त्याच पानावर आकडा लिहायचा आहे.