हूडच्या गाडीतील गळती : शोध आणि उपाय

पावसाळ्याच्या तोंडावर घराची कौले चाळावीत, पन्हळी साफ कराव्यात, ही आपल्याकडील जुनी रीत. जाणता माणूस घर गळू लागल्यावर लगेच सारे छप्पर उतरवीत नाही. आधी पन्हळ तुंबली आहे का, हे पाहतो. छप्पर उघडता-मिटता येणाऱ्या मोटारीलाही हीच रीत लागू पडते. अशा गाडीत पाणी आले की बहुतेक मालकांची पहिली शंका कापडावर जाते आणि नवे हूड शिवून घेण्याची घाई होते. प्रत्यक्षात दोष अनेकदा तुंबलेल्या निचरानळीत किंवा सरकलेल्या रबरी पट्टीत असतो. नवे हूड बसविल्यानंतरही पाणी येतच राहते आणि खर्च मात्र वाया जातो. हा खर्च टाळता यावा, यासाठी गळतीचा माग पद्धतशीरपणे कसा काढावा, याची माहिती येथे दिली आहे.

आपल्या देशात कापडी हूडची परंपरा जुनी आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगाव येथे विलीज जीपची जुळणी सुरू झाली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली आणि २०१० साली नाशिकच्या कारखान्यातून महिंद्राची थार बाहेर पडली. २०२० साली आलेल्या नव्या थारमध्येही कापडी छपराचा पर्याय देण्यात आला होता. परदेशी बनावटीच्या दोन आसनी कन्व्हर्टिबल गाड्याही आता आपल्या महानगरांत दिसतात. घडण वेगवेगळी असली, तरी पावसाचा आणि या गाड्यांचा संबंध सारखाच आहे.

हवामानाचा परिणाम

उदाहरणादाखल लखनौ शहर घेऊ. सिकंदरबागेकडून गोमतीवरील पूल ओलांडला की निशातगंजची वस्ती लागते. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील अरुंद गल्ल्यांत स्वतंत्र गॅरेज क्वचितच असते; गाडी बाराही महिने उघड्यावर, शक्यतो झाडाच्या सावलीत उभी राहते. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि कोरडी लू वाहते. या तापाने रबर कडक होते, त्याला बारीक भेगा पडतात, शिवणीचा धागा कमकुवत होतो. कडुनिंबाखाली गाडी उभी असेल तर वसंतात बारीक पाने आणि जूनमध्ये निंबोळ्या पडतात. वायपरखालच्या जाळीतून आणि हूडच्या घडीतून हा कचरा आत उतरतो व धुळीशी मिसळून घट्ट बसतो. अशा स्थितीत जूनच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस दाखल होतो. म्हणजे गळती दिसते पावसाळ्यात, पण तिची तयारी उन्हाळाभर चाललेली असते. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांना हे चित्र परके वाटणार नाही. कोकणात उन्हाची जागा दमट हवा आणि शेवाळ घेतात, एवढाच फरक.

पाण्याला वाट ठेवलेलीच असते

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी. घडीच्या हूडची गाडी एखाद्या डब्याप्रमाणे पूर्ण बंद नसते. छप्पर व काच, काच व दरवाजा, हूड व मागील पत्रा यांच्या सांध्यांतून थोडे पाणी आत येणार, हे आराखडा करणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. ते पाणी पन्हळीत झेलून नळीवाटे गाडीखाली सोडण्याची योजना केलेली असते. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी आसनांमागे किंवा पायांखाली सांडते. १९८९ साली बाजारात आलेली माझदाची एमएक्स-५ ही जगातील अत्यंत लोकप्रिय दोन आसनी उघडी गाडी. तिच्या जुन्या गाड्यांतही आसनांमागील निचरानळ्या पालापाचोळ्याने तुंबणे हे आत पाणी साचण्याचे सुपरिचित कारण आहे.

दुसरी गोष्ट अशी की, पाणी जेथे दिसते तेथेच ते शिरलेले असते असे नाही. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आलेला थेंब खांबाच्या आतील बाजूने उतरून पायांशी प्रकटतो. मागे शिरलेले पाणी ब्रेक लावताच गालिच्याखालून पुढे वाहत येते. म्हणून ओल्या जागेवर लांबी किंवा सीलंट फासणे हा उपाय नव्हे.

हे पाणी पावसाचेच आहे काय?

शोध सुरू करण्यापूर्वी पाण्याची ओळख पटवून घ्यावी. पाऊस नसताना, केवळ वातानुकूलन चालू असतानाच डाव्या बाजूचा गालिचा भिजत असेल, तर वातानुकूलन यंत्राची निचरानळी तुंबलेली असण्याचा संभव अधिक. पाणी रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ते इंजिन थंड ठेवणारे कूलंट होय. त्यासाठी मेकॅनिककडेच जावे. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात काचांना आणि हूडच्या आतील बाजूस सर्वत्र सारखे दव जमते. ती गळती नव्हे. मात्र बाहेर धुके नसतानाही काचा रोज आतून धूसर होत असतील, तर गालिच्याखाली पाणी मुरले आहे असे समजावे.

माग काढण्याची पद्धत

ताळेबंदात फरक आला की आपण सारी खाती एकदम चाळीत नाही. एकेक बेरीज तपासत, बरोबर ठरलेली बाजूला सारत पुढे जातो. गळतीच्या शोधातही हीच शिस्त हवी. दोन माणसे, बागेची नळी, विजेरी, जुनी वर्तमानपत्रे आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे.

प्रथम गाडी आतून पूर्ण कोरडी करावी. गालिचे व त्यांखालील फोमचे थर काढून उघड्या पत्र्यावर वर्तमानपत्रे अंथरावीत. पडलेला एकही थेंब कागदावर डाग उमटवितो. एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. धार हलकी, पावसासारखी असावी; धुलाई केंद्रातील दाबाची फवारणी चांगल्या पट्टीतूनही पाणी आत ढकलते आणि चुकीचा निष्कर्ष हाती येतो.

पाणी नेहमी खालून वर न्यावे. आधी दरवाजांची खालची कड, मग वायपरखालची जाळी, मग पुढच्या काचेची चौकट, बाजूच्या काचा आणि सर्वांत शेवटी हूडचे कापड व शिवणी. प्रत्येक जागेवर सुमारे पाच मिनिटे थांबावे आणि काय दिसले ते वहीत टिपावे. वरून आरंभ केल्यास पाणी सगळीकडे ओघळते आणि नेमकी वाट कळत नाही.

रबरी पट्ट्यांसाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. पट्टीवर खडूची पूड चोळून दरवाजा किंवा हूड बंद करावे व पुन्हा उघडावे. समोरच्या पत्र्यावर जेथे पुडीची रेघ उमटली नाही, तेथे पट्टी टेकत नाही. दुसरी चाचणी कागदाची : पट्टीत कागदाची चिठ्ठी ठेवून दरवाजा लावावा आणि ती ओढून पाहावी. सहज निसटली तर तेथे दाब अपुरा आहे. (यासाठी साधा कागद घ्यावा, चलनी नोटा स्वच्छ राखण्याचे पथ्य येथेही पाळावे!)

उपाय : स्वस्तापासून महागाकडे

निचऱ्याची वाट मोकळी करणे हे पहिले काम. वायपरखालची जाळी, हूडच्या घडीचा खळगा आणि दरवाजांच्या तळाची छिद्रे हाताने साफ करावीत. नळीत लवचिक नायलॉनची जाड दोरी हलकेच फिरवावी. ताठ तार किंवा जोराची हवा वापरू नये. त्याने नळी आतल्या आत सांध्यातून सुटते आणि मग पाणी थेट गाडीत उतरते. शेवटी पेलाभर पाणी ओतून ते गाडीखाली पडते का, ते पाहावे. या कामाला श्रमापलीकडे खर्च नाही आणि बऱ्याच तक्रारी येथेच संपतात.

दुसरी पायरी रबराची. पट्ट्या सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे. इंजिन तेल किंवा साधे ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते व निकामी होते. पट्टी शाबूत असूनही टेकत नसेल, तर हूडची कडी, दरवाजाचे कुलूप किंवा काचेची उंची कारागिराकडून जुळवून घ्यावी. दरवाजाच्या आतील आच्छादनामागे प्लॅस्टिकचा पडदा असतो. स्पीकर बसविताना तो फाडला गेला असेल, तर काचेवरून उतरणारे पाणी आत येते. तो पुन्हा नीट चिकटवावा. जीपच्या जातीच्या गाड्यांत मागाहून बसविलेल्या लोखंडी पिंजऱ्याचे बोल्ट, अँटेनाची छिद्रे आणि जमिनीतील रबरी बुचे अवश्य तपासावीत.

तिसरी पायरी कापडाची. शिवणीतून पाझर असेल, तर कापड पूर्ण वाळल्यावर बाहेरून शिवण-सीलंट लावावे. हूड मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने धुऊन जलरोधक द्रव्याचा हात द्यावा. पेट्रोल किंवा थिनर कदापि वापरू नये. ओले हूड घडी करून ठेवू नये. बुरशी धरते आणि मागची प्लॅस्टिकची काच दुमडून तडकते. एवढे करूनही कापड ठिकठिकाणी पाझरत असेल, तरच नव्या हूडचा विचार करावा. प्रत्येक दुरुस्तीनंतर नळीची चाचणी पुन्हा घ्यावी. एका वेळी एकच दुरुस्ती केली, तर कोणत्या उपायाने गुण आला ते निश्चित कळते.

गळती थांबली तरी मुरलेली ओल आपोआप जात नाही. गालिच्याखालील फोम दिवसेंदिवस पाणी धरून ठेवतो, पत्रा खालून गंजत राहतो. अनेक गाड्यांत आसनांखाली विजेच्या तारांचे जोड असतात. तेथे पाणी गेल्यास होणारा बिघाड हूडपेक्षा महाग पडू शकतो. म्हणून फोम बाहेर काढून पूर्ण वाळवावा आणि गंजलेल्या जागा घासून त्यांवर गंजरोधक रंग लावावा.

विमा आणि कर्ज

विम्याविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सर्वसमावेशक मोटार विम्यात पूर, वादळ व जलप्रलय यांमुळे झालेल्या हानीला संरक्षण असते. परंतु नेहमीची झीज, घसारा, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि परिणामस्वरूप हानी यांना मूळ पॉलिसीत संरक्षण नसते. जुनी पट्टी हळूहळू पाझरून पत्रा गंजला, तर तो दावा मान्य होण्याची अपेक्षा ठेवू नये. शिवाय अपघाताच्या दाव्यातही रबर, नायलॉन व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि फायबरग्लासवर ३० टक्के घसारा वजा होतो. त्यासाठी शून्य घसाऱ्याचे पूरक संरक्षण घेता येते. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात इंजिनात पाणी खेचले गेले, तर मूळ पॉलिसी अपुरी पडते. इंजिन संरक्षणाची पूरक पॉलिसी वेगळी असते.

कर्जावर घेतलेली गाडी बँकेकडे नजरगहाण असते. गळतीला कंटाळून कापडी हूडच्या जागी पत्र्याचे अथवा फायबरचे कायम छप्पर बसविण्याचा मोह अनेकांना होतो. असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२मधील तरतुदी पाहून परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि बँक व विमा कंपनी यांना लेखी कळवावे. नोंदणी पुस्तकातील वर्णन आणि प्रत्यक्ष गाडी यांत तफावत राहिल्यास दाव्याच्या वेळी अडचण उभी राहते. हप्ते मात्र चालूच राहतात.

जुनी गाडी घेताना

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा असंख्य वाहने पाण्याखाली गेली. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विक्रीस येऊ शकते, हे जुनी गाडी घेणाऱ्याने सदैव ध्यानात ठेवावे. हूडच्या गाडीत तर विक्रेता ओलीचे खापर सहजपणे ‘थोड्याशा गळती’वर फोडू शकतो. म्हणून गालिचा उचलून पाहावा, कुबट वास येतो का ते ताडावे. आसनांच्या रुळांवर व बोल्टांवर गंज आहे का, ते बघावे. सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, याची खात्री करावी. गळतीची ओल बहुधा एका कोपऱ्यात असते. पुराची खूण सर्वत्र एकाच उंचीवर आढळते. शंका असल्यास नळीची चाचणी घेऊ देण्याची विनंती करावी. ती नाकारणाऱ्याशी व्यवहार करण्यापूर्वी दोनदा विचार करणे श्रेयस्कर.

ग्राहकहो, मोकळ्या आकाशाखाली गाडी चालविण्याचा आनंद वेगळाच असतो. त्यासाठी थोडी निगा राखावी लागते. होळीनंतर एकदा, मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असे वर्षातून तीन वेळा निचऱ्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात आणि रबराला ग्रीसचा हात द्यावा. अर्ध्या दिवसाचे हे काम हजारो रुपयांचे हूड वाचवू शकते. आणि गळती झालीच, तर पाकिटाला हात घालण्यापूर्वी नळी हाती घ्यावी.