चुन्याच्या आतला यादवकाळ

पुण्याहून सोलापूरकडे निघाले, की दौंड तालुक्यातले यवत ओलांडल्यावर उजव्या हाताला भुलेश्वराचा फाटा लागतो. सिंहगडाकडून पूर्वेला धावत आलेली ही डोंगररांग याच देवाच्या नावाने ओळखली जाते. तिच्या उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमेच्या पाण्यावर पोसलेला दौंडचा ऊस, दक्षिणेला कऱ्हेच्या खोऱ्यातले पुरंदरचे कोरडे माळ. मंदिर महसुली हद्दीने पुरंदरमधल्या माळशिरसचे. पण श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घाट चढणारी माणसे असली हद्द कुठे मानतात?

लांबून पाहिले तर हे यादवकालीन देऊळ वाटतच नाही. घुमट, मनोऱ्यांसारखी टोके, चुन्याचा गिलावा. पुढे गेल्यावरही गाभाऱ्याकडे जाणारी सरळ वाट दिसत नाही. समोर भिंत उभी आणि तिच्या बाजूने वर चढणारा अरुंद, अंधारा जिना. तो संपला, की एकदम भव्य नंदीसमोर आपण येतो आणि चारी बाजूंनी काळा कोरीव पाषाण दिसू लागतो. बाहेरच्या साध्या भिंतीने आत काय झाकले आहे, हे तेव्हा कळते.

मूळ बांधकाम साधारण तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांच्या काळातले. अशा देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो आणि पुढे पाहायचे सोडून देतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या कितीतरी आधी, 1060 साली, शिलाहारांच्या राज्यात अंबरनाथचे शिवालय उभे होते. म्हणजे ही पद्धत एका माणसाची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणाऱ्या कारागिरांची आहे. श्रेय त्यांना मिळायला हवे, असे मला मनापासून वाटते.

त्यांचे तंत्र ऐकायला सोपे, करायला महाकठीण. दोन दगडांच्या मध्ये चुना नाही. एकाला खाच, दुसऱ्याला त्यात बसणारा उंचवटा. बाकी काम वजनाचे. कमानही नाही. खांबावर तुळई, तुळईवर कोपऱ्यांत तिरपे दगड, त्यांवर पुन्हा तिरपे दगड, असे करत मधली पोकळी लहान करत न्यायची आणि शेवटी एका शिळेने छत मिटवायचे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये 1194च्या आगीनंतर शार्त्रचे चर्च नव्याने उभे राहत होते, तर 1220मध्ये इंग्लंडात सॉल्सबरीच्या चर्चचा पाया घातला गेला. तिकडच्या गवंड्यांनी टोकदार कमानींच्या बळावर भिंती उंच नेल्या आणि रंगीत काचांतून उजेड आत घेतला. आपल्याकडच्या कारागिरांनी अंधार राखला आणि त्यात भिंत बोलकी केली.

ती भिंत सावकाश वाचावी. शरपंजरी पडलेले भीष्म, द्रौपदीचे स्वयंवर, हत्तींच्या रांगा, आरशात पाहणारी सुरसुंदरी. सप्तमातृकांच्या खाली त्यांची वाहने कोरली आहेत, त्यामुळे एकेक मातृका ओळखता येते. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती वैनायकी. सोंड गणपतीची, अंग स्त्रीचे, खाली उंदीर. तंत्रमार्गातल्या योगिनींच्या परंपरेत हे रूप येते, पण महाराष्ट्रात ते क्वचितच दिसते. जवळच शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती आणि भीमेपलीकडे सिद्धटेक. अष्टविनायकांच्या या मुलखात गणेशाचे स्त्रीरूप इतक्या सहजपणे भिंतीवर बसले आहे, आणि दर्शनाच्या रांगेतली बहुतेक माणसे तिच्याकडे न पाहताच पुढे जातात!

अनेक मूर्तींचे हात, नाक, चेहरे फोडलेले आहेत. ते पाहून जीव कळवळतो. तरी जे उरले आहे, ते केवळ मोडतोडीचा पुरावा म्हणून पाहणे हा त्या कारागिरांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल. उरलेल्या मांडीवरची वस्त्राची चुणी, कमरेचा बाक, दागिन्यांची घडण अजून शाबूत आहे.

डोंगराने राजकारणही पाहिले. 1630च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून उद्ध्वस्त केले आणि त्या मुलखावर वचक ठेवायला इथे दौलतमंगळ किल्ला बांधला. आज त्याचे थोडे बुरूज आणि तटबंदीच्या खुणा दिसतात. देवळाभोवती किल्ला असल्याचे अनेक भाविकांच्या ध्यानातही येत नाही.

नंतरचा मोठा हात फिरला तो अठराव्या शतकात. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे गुरू, धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी यांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. वरचे विटा-चुन्याचे काम या मराठेशाहीतल्या डागडुजीचे. यादवांच्या कारागिरांनी जी कमान आणि जो चुना वापरला नव्हता, तेच आता त्यांच्या कामाच्या माथ्यावर आले. काही अभ्यासू मंडळींना हा चुना खटकतो. मूळ दगडी शिखराच्या जागी हे काय, असे ते म्हणतात. मला तो खटकत नाही. नव्या काळाच्या लोकांनी त्यांना येत असलेल्या पद्धतीने छप्पर सावरले, म्हणून आतला दगड पावसापासून वाचला आणि पूजा चालू राहिली. खटकतो तो ऑइलपेंट, आणि कोरीव मूर्तींवर चोळलेला शेंदूर व तेल. चुन्याने निदान छप्पर धरले. रंगाने छिन्नीची रेघ बुजते आणि ती पुन्हा मिळत नाही.

पार्वतीने नृत्य करून शंकराला इथे भुलवले, अशी नावामागची कथा गावकरी सांगतात. पिंडीवरची शिळा उचलली, की खाली लिंगे दिसतात. तिथे ठेवलेल्या पेढ्यांतला वाटा देव खातो, अशी श्रद्धा आहे. जाणाऱ्याने सकाळची वेळ धरावी आणि सोबत विजेरी ठेवावी. प्रकाश समोरून न टाकता कडेने टाकला, तर झिजलेल्या शिल्पांचे उठावही स्पष्ट दिसतात. वैनायकी शोधायला तर तो लागतोच.