फ्रँचायझी आणि मालकाची हजेरी

शिकागोहून भाच्याचा फोन आला. "मामू, घरोघरी आजारी-म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या कंपनीची फ्रँचायझी घेतोय. नोकरी सोडणार नाही, मॅनेजर ठेवीन." पैशात बहिणीचे भिवंडीचे घर विकून आलेली रक्कमही आहे. मी म्हटले, आधी कागद वाच.

अमेरिकेत सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला माहितीपत्रक द्यावेच लागते. त्यात 23 कलमे असतात. पंधरावे मालकाच्या हजेरीचे. मालकाने स्वतः कामात राहायचे की मॅनेजर चालेल, हे तेथे लिहिलेले असते.

आपले लोक अशा कारोबाराला मुदारबा समजतात. पैसा माझा, मेहनत दुसऱ्याची. पण मुदारबात मेहनत करणाऱ्याचा हिस्सा नफ्यातून निघतो. येथे कंपनीची रॉयल्टी बहुधा एकूण वसुलीवर असते. तोटा झाला तरी ती द्यायचीच!

कापडाचा ताका आज नाही खपला तर उद्या खपतो. सेवेची पाळी चुकली की गेली. पहाटे पाचला नोकर बाई आली नाही, म्हातारा अंथरुणात एकटा, अशा वेळी बदली माणूस कोण धाडणार? मॅनेजर सोडून गेला तर?

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. 1872 चा करार कायदा आणि हातातला करारनामा, एवढाच प्रमुख आधार. तेव्हा हजेरीची अट करारनाम्यात शोधावी. नसेल तर विचारून लिहून घ्यावी.

भाच्याने पंधरावे कलम काढले. मालक पूर्ण वेळ हवा, असे निघाले. नोकरी की धंदा, घरात अजून ठरलेले नाही.