जमीन सुटू नये म्हणून

उन्हाळ्यातले वादळ आमच्या भिवापूरला नवे नाही. मिरची, धान आणि वादळ ही इथली तीन पिके, असे म्हटले तरी चालेल. वादळ येऊन गेले की पहिला प्रश्न ठरलेला : कोणाचे टिन उडाले? वारा घरात शिरून पत्रा उचलतो, हे सगळ्यांना कळते. पण दारेखिडक्या बंद असल्या तरी पत्रा उडतो. छपरावरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो, तिथला दाब उतरतो आणि घरातली शांत हवा पत्र्याला खालून वर ढकलते. म्हणून टिनावर दगड ठेवायची रीत. भौतिकशास्त्राचे पुस्तक न उघडताच गावाने ती शोधून काढली.

या छपराचा आणि शर्यतीच्या जुन्या मोटारींचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मला या मोटारींचे वेड आहे. विदर्भात शर्यत म्हटली की शंकरपट. त्यात मोटारीचे नाव काढणारा माणूस जरा विचित्रच ठरतो. पण पन्नास-साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची पाठ नीट पाहा. पुढून चढत गेलेली, मागे उतरत आलेली, अगदी विमानाच्या पंखाच्या वरच्या बाजूसारखी. दिसायला देखणी, पण वेग वाढला की तीही उडू पाहणारे टिनच.

त्या काळच्या कारागिरांचे सारे लक्ष हवेच्या अडथळ्याकडे होते, आणि त्याला कारणही होते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो रेटायला लागणारी शक्ती आठपट. ताशी ६० किलोमीटरला जी गाडी हवेवर जेमतेम दोन अश्वशक्ती खर्च करते, तिलाच १८० ला चोपन्नच्या आसपास लागते. म्हणून जॅग्वारने विमान कारखान्यात काम केलेल्या माल्कम सेअरला बोलावले. त्याने आखलेल्या डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मॉन्सची शर्यत जिंकली.

पण रोध कमी करणे आणि गाडी जमिनीवर टेकवून ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे हळूहळू उमगले. १९६१ मध्ये फेरारीच्या चाचण्यांत रिची गिंथर या चालकाच्या गाडीला मागच्या काठावर पत्र्याची एक छोटी उभी पट्टी बसवली गेली आणि गाडी स्थिर झाली. पुढच्याच वर्षीच्या २५० जीटीओच्या शेपटीवर तशी पट्टी आली. १९६४ मध्ये शेल्बी डेटोना कूपे बेल्जियममधल्या स्पाच्या वेगवान मार्गावर मागून हलकी पडू लागली. तिथेही उपाय तोच. पोर्शेने १९७२ मध्ये कॅरेरा आरएसला बदकाच्या शेपटीसारखा काठ दिला तो याच कारणाने. दगड न ठेवता छप्पर दाबून धरण्याची ही युक्ती. वजन वाढत नाही, आणि वेग वाढेल तसा तिचा उपयोगही वाढत जातो.

अशी जुनी गाडी आज शर्यतीत उतरवायची तर काय करावे? आधी अंगावर लोकरीचे छोटे धागे चिकटवावेत, गाडी पळवावी आणि शेजारच्या गाडीतून फोटो काढावेत. धागा सरळ पडला तर हवा अंगाला धरून आहे. फडफडला तर तिथे ती सुटली. मग समोर खाली एक आडवी पट्टी लावावी, म्हणजे पोटाखाली कमी हवा शिरते. पोटाखालचा भाग शक्य तितका सपाट करावा. रेडिएटरमधून आलेली गरम हवा बॉनेटखाली कोंडली की नाक उचलते. तिला बाहेर पडायला वाट द्यावी. शेपटीची पट्टी सगळ्यांत शेवटी. नुसते मागे दाबले तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. वजनकाट्याची दोन्ही पारडी एकदम पाहावी लागतात.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. गुडवुडचे रिव्हायव्हल १९९८ पासून, ल मॉन्स क्लासिक २००२ पासून भरते. अशा शर्यतींत नियम असतो की गाडी तिच्या काळातल्या रूपातच धावावी. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीवर आजचा कार्बन फायबरचा पंख बसवला तर ती वेगवान होईल, पण ती मग तीच गाडी राहील का? आपल्याकडेही मद्रासजवळ शोलावरमला महायुद्धातल्या धावपट्टीवर शर्यती होत. हाती मिळेल त्या साहित्यातून घडवलेल्या गाड्या तिथे पळत. त्यांतली एखादी आज कोणाच्या गॅरेजमध्ये सापडली, तर तिच्या अंगावरच्या हातोडीच्या खुणा पुसायचा हक्क आपल्याला आहे का?

दुसरी बाजूही हलकी नाही. स्टिअरिंगमागे जिवंत माणूस बसतो. २८ जानेवारी १९३८ रोजी बर्न्ड रोझमायर जर्मनीच्या महामार्गावर चारशेच्या वर वेगात असताना वाऱ्याच्या झोतात सापडला आणि गेला. उलट बाजूचा धडा १९६९ चा : बार्सिलोनाच्या शर्यतीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे उंच पंख मोडून पडले, रिंट जखमी झाला, आणि मोनॅकोत त्या पंखांवर बंदी आली. हवेने दाबून धरलेली गाडी तो दाब एकाएकी गेला की सैरभैर होते.

माझे मत विचाराल तर मधला रस्ता आहे. जो बदल त्या काळच्या कारागिराला सुचला असता, त्याच्या हातोडीने आणि पत्र्याने झाला असता, आणि उद्या चार स्क्रू काढून मागे घेता येईल, तो जरूर करावा. त्यापलीकडचे हवे असेल तर नवी गाडी घ्यावी. वारसा जपायचा म्हणून चालकाचा जीव धोक्यात घालू नये, आणि दोन सेकंद वाचवायचे म्हणून वारसा कापू नये. एवढे करूनही गाडी वळणावर हलकी वाटली, तर सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत स्वस्त उपाय शिल्लक आहेच : पाय जरा उचलावा.